लेकराच्या घरातलं पाणी

मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी 12 एप्रिल 2016 च्या पहाटे लातूर स्टेशनात शिरली. दहा वाघिणी, एकेकीत 50 हजार लिटर. गाडीला नाव दिलं होतं ‘जलदूत’. एरवी तेल वाहणाऱ्या या वाघिणी आधी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती. तिला मांडीवर घेऊन मी टीव्हीवर ती गाडी पाहिली आणि मनातल्या मनात हिशेब केला. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजार होती. पाच लाख लिटर म्हणजे माणशी जेमतेम सव्वा लिटर. लेकराचं एक भरलेलं दुपटं धुवायलासुद्धा त्याहून जास्त पाणी लागतं.

धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्येच शहरात पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी एकदा टँकर यायचा आणि घरटी 200 लिटर, म्हणजे एक टिपाड भरून मिळायचं. घरात आम्ही पाच जण. माणशी दिवसाला पाच लिटर. बाकीचं पाणी चार घरांनी मिळून खाजगी टँकरचं घ्यायचं, ते कुठल्या तरी शेतातल्या बोअरचं. प्यायला जार. अशा वर्षात तान्हं लेकरू वाढवताना मी काय चुकले आणि मागाहून काय शिकले, ते सांगण्यासाठी हा लेख. टंचाई दरवर्षी कुठे ना कुठे असतेच, आणि त्या घरांतही पाळणे हलत असतात.

मे महिन्यात मुलीला जुलाब सुरू झाले. दिवसात आठ-दहा वेळा. आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. मी त्यांना तावातावाने सांगितलं, ‘डॉक्टर, पाणी वीस-वीस मिनिटं उकळते, तरी असं कसं झालं?’ त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘ताई, घरात हात कुठे धुता?’

उत्तर देताना माझाच आवाज खाली गेला. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक जर्मनची तपेली ठेवलेली असायची. तिच्यात सकाळी दोन तांबे पाणी ओतायचं आणि दिवसभर सगळ्यांनी त्यातच हात बुडवून काढायचे. बाहेरून आलं की बुडव, लेकराची शी काढली की बुडव, भाजी चिरली की बुडव. दुपारपर्यंत त्या पाण्याला राखाडी रंग यायचा आणि वर तेलाचा पातळ तवंग. साबण लावायचा नाही, कारण साबण लावला की धुवायला जास्त पाणी. संध्याकाळी ते पाणी तुळशीला घातलं की पाणी वाचवल्याचं समाधान. वीस मिनिटं उकळलेलं पाणी आम्ही त्या हातांनी वाटीत काढत होतो आणि त्याच हातांनी मऊ भात कालवून तिला भरवत होतो.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, ‘टंचाईत सगळ्या घरांत हेच होतं. कात्री पहिली हात धुण्यावर लागते. ताई, तेवढं सोडून बाकी कशावरही लावा.’

त्या एका वाक्याने आमच्या घरातली पाण्याची वाटणी बदलली. आधी मला वाटायचं की पाणी स्वच्छ असलं की लेकरू सुरक्षित. पण जुलाबाचे जंतू पाण्यातून जसे येतात तसेच हातांवरून, खेळण्यांवरून, फरशीवरून, माश्यांच्या पायांवरून येतात. रोटाव्हायरस तर हातावर आणि वस्तूंवर बराच वेळ टिकतो. म्हणून स्वच्छ पाणी जितकं महत्त्वाचं, तितकंच पुरेसं पाणी महत्त्वाचं. साबणाने हात धुण्याने लहान मुलांचे जुलाब साधारण 30 टक्क्यांनी कमी होतात, असं जगभरातल्या अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

यासाठी पाणी किती लागतं, ते मी मोजलं. प्लास्टिकच्या एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने तीन भोकं पाडली आणि ती खिडकीच्या गजाला उलटी टांगली. बाटली दाबली की बारीक धार येते, सोडली की थांबते. हात ओले करायचे, साबण चोळायचा, मग धार. एका वेळेला पाव लिटरही लागत नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून दिवसात वीस वेळा हात धुतले तरी पाच लिटरच्या आत भागतं. जुन्या पद्धतीच्या फ्लशची टाकी एका दाबासरशी याच्या दुप्पट पाणी घेऊन जाते. तपेली त्याच दिवशी माळ्यावर गेली.

आता एकूण गरजेचं बोलू. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला सुरू झालं, तेव्हा खेड्यात माणशी रोज 55 लिटर हे माप धरलं गेलं. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी 135 लिटरचं माप आहे. पाच माणसांच्या घराला पहिल्या मापाने 275 लिटर आणि दुसऱ्याने 675. ही मापं सरसकट आहेत. घरात तान्हं आहे का, हे ती विचारत नाहीत. नऊ महिन्यांच्या लेकराची दिवसाला आठ-दहा दुपटी ओली होतात, दोन-तीन भरतात. तिचे कपडे, तिच्या अंगावरून सांडलेलं, बाळंतिणीची आंघोळ. माझ्या मोजणीप्रमाणे निव्वळ तिच्या वाट्याचं 30 ते 40 लिटर व्हायचं, म्हणजे घरात एक मोठं माणूस वाढल्यासारखंच.

दुपटी कमी पाण्यात धुवायची एक रीत सासूबाईंनी दाखवली. भरलेलं दुपटं आधी शौचालयातच तांब्याभर वापरलेल्या पाण्याने मोकळं करायचं. मग सगळी दुपटी एका झाकणाच्या बादलीत भिजत घालायची, दिवसातून एकदाच सोडा-पावडर लावून धुवायची, शेवटचा हात मात्र चांगल्या पाण्याचा. तो शेवटचा हात काढलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या कामाला. वाळवायचं कडक उन्हात, सावलीत नाही. एक गोष्ट मात्र मी त्यांच्याशी बोलून बदलली. ‘लेकराची शी, तिचं काय एवढं!’ असं म्हणून ती मोरीत धुतली जायची. लेकराच्या शीमध्ये मोठ्यांच्या शीइतकेच, कधी जास्तच रोगजंतू असतात. ती शौचालयातच गेली पाहिजे आणि त्यानंतर साबण हातावर आलाच पाहिजे. विकतच्या डायपरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. टंचाईच्या दोन महिन्यांत ते बिनदिक्कत वापरावेत, फक्त कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावेत, नाल्यात नाही. पाण्याच्या काळजीने बाळंतीण आधीच अर्धी झालेली असते. तिच्यावर आणखी अपराधाचं ओझं नको.

टंचाईच्या घरात पाणी एकाच प्रकारचं नसतं. आमच्याकडे तीन होती: महापालिकेच्या टँकरचं, बोअरच्या टँकरचं आणि जारचं. तिघांना वेगळं ठेवणं आणि कोणतं कशाला वापरायचं हे घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, माहीत असणं ही अर्धी लढाई असते. आम्ही टिपाडांना रंगीत चिंध्या बांधल्या होत्या.

जारच्या पाण्यावर लोकांचा फार विश्वास असतो, कारण ते गार आणि चवीला गोड असतं. पण गार असणं म्हणजे निर्जंतुक असणं नव्हे. सीलबंद बाटलीवर 2024 पर्यंत आयएसआयची खूण सक्तीची होती. गल्लीत टेम्पोतून येणाऱ्या त्या गार जारवर अशी कुठलीच खूण नसते, आणि जार आतून कधी घासला हे त्या दुकानदारालाच ठाऊक. लेकराला पाजायचं असेल तर जारचं पाणीही उकळावं. त्या दिवसांत दारोदार फिरणारे पाणी शुद्ध करायच्या मशीनचे विक्रेते एक छोटं टीडीएस मीटर पाण्यात बुडवून दाखवायचे आणि आकडा पाहून बायका घाबरायच्या. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला आणि दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालतो. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस 200 दिसू शकतो आणि खाऱ्या बोअरच्या निर्धोक पाण्याचा 900. म्हणून आकडा कमी दिसला की पाणी चांगलं, असं धरून चालू नका. घरात आरओ असेल तर तो एक लिटर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर खारं पाणी बाहेर टाकतो, ते बादलीत धरा. फरशी पुसायला, शौचालयात टाकायला ते उत्तम.

बोअरच्या पाण्याचा जाच वेगळा. आमच्याकडे त्याला जड पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. साबणाला फेस येत नाही, उलट पांढरा चिकट साका येऊन कपड्यांवर बसतो. दुपटी वाळली की पापडासारखी कडक होतात आणि लेकराच्या मांड्या त्यांनी लाल होतात. तूरडाळ तीन शिट्ट्यांवर शिजायची ती सहा शिट्ट्यांनाही बोटचेपी होत नाही, कारण डाळीच्या दाण्यातलं पेक्टिन कॅल्शियमशी बांधलं जातं आणि दाणा मऊ होत नाही. लेकराचं वरण म्हणूनच मी गोड पाण्यातच लावायची. त्याला लागतंच किती, दोन वाट्या. दुपट्यांना अंगाच्या साबणाऐवजी धुण्याची पावडर बरी पडते, तिच्यावर जड पाण्याचा परिणाम कमी होतो. आंघोळ बोअरच्या पाण्यानेच घालायची, फक्त शेवटचे दोन तांबे गोड पाण्याचे, आणि अंग टिपल्याबरोबर, ओलसर असतानाच खोबरेल तेलाचा हात फिरवायचा.

जड पाणी त्रासाचं असलं तरी बहुधा धोक्याचं नसतं. बोअरमध्ये खरी भीती दोन गोष्टींची, आणि दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत. एक फ्लोराईड. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांना त्याचा अनुभव आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेलं आणि लेकरू वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिलं, तर हिरड्यांच्या आत तयार होणाऱ्या पक्क्या दातांवर आयुष्यभराचे पिवळे-तपकिरी डाग येतात, आणि प्रमाण फार असलं तर हाडंही वाकतात. दुसरं नायट्रेट. शेतातली खतं, उकिरडे, शौचखड्डे यांतून ते झिरपत बोअरला लागतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला नायट्रेटचं पाणी फार घातक असतं. रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, ओठ आणि नखं निळसर पडतात. आणि इथे बहुतेकांची चूक होते ती अशी, की आपण पाणी उकळतो. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराईड आणि नायट्रेट जातच नाहीत. उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं. वीस मिनिटं उकळणारी मी नेमकं हेच करत होते. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. त्यापुढे फक्त गॅस जळतो.

गॅसही परवडत नसेल तर आपल्याकडचं ऊन आहे. स्वच्छ, पारदर्शक, दोन लिटरपर्यंतच्या प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून आडवी पत्र्यावर ठेवायची. कडक उन्हात सहा तास, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी. टिपाडात तुरटीचा खडा दोन-तीन वेळा गोल फिरवायचा आणि न ढवळता काही तास ठेवायचं, गाळ तळाशी बसतो. त्यानंतर क्लोरिन. आशाताईंकडे मेडिक्लोरची बाटली किंवा क्लोरिनच्या गोळ्या मिळतात. वर लिहिलेल्या मापानेच टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. हा क्रम उलटा झाला तर क्लोरिन गाळातच खर्ची पडतं आणि जंतूंसाठी उरत नाही. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, तेव्हा नळाला किंचित वास येतो. त्या वासाला नाक मुरडू नका. नळापर्यंत लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहिलं पाहिजे, असं मानक सांगतं. वास येतो म्हणजे टाकीपासून तुमच्या घरापर्यंतच्या वाटेवर पाण्याची राखण झालेली आहे.

तरीही पाणी बिघडतं ते बहुतेकदा शेवटच्या दहा फुटांत, आपल्याच घरात. माठात पेला बुडवून पाणी घेणं ही इतकी साधी सवय आहे की ती चूक वाटतच नाही. पेल्याबरोबर चार बोटं पाण्यात जातात. आमच्या आजेसासूबाईंचं पितळी ओगराळं होतं, हातभर लांब दांड्याचं, टोकाला वळवून आकडा केलेलं. ते माठाशेजारच्या खुंटीला लटकलेलं असायचं, खाली ठेवायची परवानगी कुणालाच नव्हती. वर्षानुवर्षं वापरून दांड्याचा मधला भाग गुळगुळीत झालेला. स्टीलचे पेले आले आणि ते देवघराच्या फळीवर शोभेला गेलं. 2016 च्या जूनमध्ये मी ते चिंचेने घासून पुन्हा खुंटीला लावलं. ओगराळं नसेल तर तोटीचा माठ घ्या. ज्या भांड्यात हात जाऊच शकत नाही, ते भांडं लेकराच्या घरात सगळ्यात चांगलं.

साठवलेलं पाणी म्हटलं की डास आलेच. डेंग्यूचा डास घाण गटारात वाढत नाही, तो आपल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आरोग्य खातं कोरडा दिवस पाळायला सांगतं ते यासाठीच. पण टंचाईत टिपाड रिकामं करा म्हणणं सोपं नाही. आम्ही एक वाट काढली: एकेक टिपाड आळीपाळीने संपवायचं आणि रिकामं झालं की आतून काथ्याने घासायचं. नुसतं पालथं करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेपाशी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्महिने जिवंत राहू शकतात. पाणी आलं की पुन्हा फुटतात. संपवता येत नाही अशा हौदात गप्पी मासे सोडा. भरलेल्या टिपाडावर जुनं सुती पातळ ताणून सुतळीने बांधा.

आणि झाकणाचं आणखी एक कारण आहे, जे लिहितानासुद्धा माझ्या अंगावर काटा येतो. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं लेकरू बादलीत डोकावतं, डोकं जड असल्याने तोंडावर पडतं आणि त्याला उठता येत नाही. वीतभर पाणीही लागत नाही. ओरडण्याचा आवाज येत नाही, पाय आपटल्याचा येत नाही. एरवी रिकामी असणारी घरं टंचाईत बादल्या, टोपं, टिपाडांनी भरून जातात. म्हणून बुटक्या भांड्यात पाणी साठवू नका, साठवलंत तर घट्ट झाकण आणि न्हाणीघराला कडी. जमिनीतल्या टाकीचं लोखंडी झाकण उघडं ठेवून टँकरवाल्याशी बोलायला जाऊ नका. आमच्या गल्लीत एकदा दोन वर्षांचा मुलगा उघड्या टाकीच्या काठापाशी बसलेला शेजारणीला दिसला. तिने त्याला उचललं, म्हणून ही गोष्ट इथेच संपते.

उन्हाळ्यात घरात हमखास वाद होतो तो तान्ह्याला पाणी पाजायचं की नाही यावर. ‘अगं, एवढी उष्णता, लेकराचा घसा सुकला असेल, चमचाभर तरी दे,’ असं माझ्या सासूबाईही म्हणायच्या, आणि त्यात नुसती माया होती. पण आईच्या दुधात 80 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाला कितीही कडक उन्हाळ्यात वरच्या पाण्याची गरज नसते. बाळ जास्त वेळा प्यायला मागेल, तर द्यायचं. पाण्याची गरज आहे ती आईला. घरातल्या गोड पाण्याचा पहिला तांब्या तिचा, ही वाटणी मात्र आमच्याकडे सासूबाईंनीच केली आणि शेवटपर्यंत पाळली. डबाबंद पावडरीचं दूध द्यावंच लागत असेल तर पाणी उकळून, ते किमान 70 अंश गरम असतानाच पावडर घालायची, कारण पावडरही निर्जंतुक नसते. मग कोमट करून पाजायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. तिथे पाणी वाचवू नये.

एवढं करूनही जुलाब होतातच. तेव्हा मीठ-साखरेचं पाणी जीव वाचवतं. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजच्या पुड्या करून त्या पाण्यात मिसळून तोंडाने पाजायला दिल्या. छावणीतला मृत्युदर झपाट्याने खाली आला. ते 2022 मध्ये गेले, 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्या अंगणवाडीत मिळणारी ओआरएसची पुडी त्या पुड्यांचीच वारस आहे. ती एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची. चिमूटभर पावडर पेल्यात टाकणं आणि अख्खी पुडी एका पेल्यात टाकणं, दोन्ही चूक, आणि दुसरी चूक तर धोकादायक. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. केलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. डॉक्टर झिंक देतात ते जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करायचं. दुकानात ओआरएस म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांच्या डब्यांना भुलू नका. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला मनाई केली, त्याला कारण होतं. लेकरू मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसली किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर चमचा खाली ठेवून थेट दवाखाना. आणि रोटाव्हायरसची लस, जी महाराष्ट्रात 2019 पासून सरकारी लसीकरणात आहे, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसांना चुकवू नका.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा भरलं, नळ पुन्हा सुरू झाले. गल्लीत साखर वाटली गेली. पण नळाला पाणी येण्याच्या दिवशीच जास्त जपायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. आठ दिवस रिकाम्या पडलेल्या जलवाहिनीत दाब नसतो. जिथे तडा किंवा ढिला जोड आहे आणि शेजारून गटार वाहतंय, तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. नळ आला की ते सगळ्यात आधी आपल्या हंड्यात पडतं. पहिली पाच-दहा मिनिटं येणारं पाणी वेगळ्या बादलीत धरा आणि फरशीला वापरा, प्यायचं त्यानंतर भरा. नळाला थेट मोटार लावणाऱ्यांनी तर हा धोका सगळ्या गल्लीसाठी वाढवलेला असतो, कारण मोटार पाणी ओढते तशी तड्यातून घाणही ओढते. कराडशेजारच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली, ते नुसत्या सोयीसाठी म्हणून बघू नये. भरलेल्या, दाबाखालच्या पाइपात बाहेरची घाण शिरत नाही. पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. दोनशेच्या वर गेले. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, आणि संशय पाण्यावर आला. खडकवासल्याच्या काठावर, जिथे पाण्याची ददात नाही, तिथेही पाणी तपासून प्यावं लागतं.

तपासणी अवघड नाही, हे लोकांना माहीतच नसतं. प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासण्याच्या किटचं शिक्षण द्यायचं, अशी जलजीवन मिशनमध्ये तरतूद आहे. जिल्ह्यात आणि बऱ्याच तालुक्यांत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्वच्छतेवरून लाल, पिवळं, हिरवं कार्ड दिलं जातं. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. घरात तान्हं असेल आणि बोअरचं पाणी पीत असाल, तर फ्लोराईड आणि नायट्रेट एकदा तपासून घ्याच. शहरात राहत असाल तर सोसायटीच्या टाकीची शेवटची सफाई कधी झाली, ते सचिवांना विचारा आणि तारीख लिहून टाकीवर चिकटवा.

माझी मुलगी आता शाळेत जाते. खिडकीच्या गजाला टांगलेली ती भोकाची बाटली अजून तिथेच आहे, बाटली चार वेळा बदलली एवढंच. घरात नळाला पाणी असलं तरी शाळेतून आली की ती आधी त्या बाटलीपाशी जाते. तुमच्याकडे लेकरू असेल तर आज दाभण तापवायला ठेवा आणि एका बाटलीच्या झाकणाला तीन भोकं पाडा.